चार कोपरे आधी

“इतका लांब उभा राहून काय बघतोस, चेअरमन? मॉनिटर आहे, चावत नाही,” मान्सा म्हणाली. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती चेअरमनच म्हणायची.

क्वामेना जागचा हलला नाही. ताकोराडी या बंदराच्या शहरातल्या मार्केट सर्कलच्या बाजारातलं मान्साचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, आणि ती परदेशातून वापरून आलेल्या मॉनिटरांनी दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली. जेवढं मागे सरकता येईल तेवढं सरकून, पाठ दाराच्या चौकटीला टेकवून तो समोरच्या त्रेचाळीस इंची मॉनिटरकडे पाहत होता. त्याचा लॅपटॉप त्याला जोडला होता आणि त्यावर पोकरची बारा टेबलं उघडली होती. बारा हिरवी टेबलं, एकही दुसऱ्याखाली दडलेलं नाही. प्रत्येकाभोवती सहा-सहा माणसं, कुणी ब्राझीलचं, कुणी पोलंडचं, कुणी देव जाणे कुठलं. प्रत्येकापुढच्या पैशांच्या चकत्या इतक्या स्पष्ट, की हात घालून उचलाव्यात. क्वामेना ते पाहतच राहिला. लहानपणी वडिलांनी पहिल्यांदा बंदरावर नेऊन जहाज दाखवलं होतं, तेव्हाही तो असाच पाहत राहिला होता.

“हे सगळं तू एकटा खेळतोस? एकाच वेळी?” मान्सानं विचारलं.

“सध्या आठ. जागा मिळाली तर बारा खेळेन.”

“माझ्या नवऱ्याला एका वेळी एक काम जमत नाही.”

पोकर म्हणजे पत्त्यांचा जुगार, हे खरंच. पण क्वामेना जुगाऱ्यासारखा खेळत नव्हता, कारकुनासारखा खेळत होता. ज्या छोट्या बँकेत तो खिडकीवर बसायचा ती बंद पडली, तेव्हा महिनाभर घरात बसून तो फोनवर हा खेळ शिकला आणि त्याच्या लक्षात आलं की इथेही खिडकीवरचंच काम आहे. वाईट पत्ते टाकायचे, चांगल्यांवर बेतानं लावायचं, कुणावर चिडायचं नाही. एका टेबलावर असं खेळून चहाचासुद्धा खर्च सुटत नाही. आठ टेबलांवर दिवसभर खेळलं तर घर चालतं. त्याची बायको अराबा चर्चमधल्या बायकांना सांगायची, नवरा कॉम्प्युटरवर हिशेबाचं काम करतो. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

अडचण एवढीच, की आपली पाळी आली की टेबल लुकलुकतं, आणि मोजक्या सेकंदांत काही केलं नाही तर पत्ते आपोआप टाकले जातात. गेले काही महिने त्याचे पत्ते असे टाकले जात होते. मधल्या टेबलांवर नाही, कडेच्या टेबलांवर. त्याचा जुना मॉनिटर लहान, त्यावर टेबलं एकमेकांवर चढायची, म्हणून होतंय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणीही तेच ठरवलं असतं.

मान्सानं त्याला आधी दोन लहान मॉनिटर शेजारी-शेजारी लावून दाखवले. मधल्या चौकटीवरून नजर अडखळते म्हणून त्यानं ते नाकारले. मग तिनं कमानीसारखा वाकलेला लांब मॉनिटर दाखवला. त्यात टेबलं चपटी दिसत होती. मग ती म्हणाली, “तू इंच मोजतोस तिथेच चुकतोस. ठिपके मोज. ठिपके बारीक असले की टेबल लहान करूनही पत्ता वाचता येतो.” आणि तिनं त्रेचाळीसावरची धूळ पुसली होती.

आता पुढे येऊन तो खोट्या पैशांच्या टेबलांवर खेळत तो मॉनिटर चालवून बघत होता.

“डाव्या हाताचं खालचं टेबल लुकलुकत नाही,” तो म्हणाला.

“लुकलुकतंय की.”

त्यानं मान वळवून पाहिलं. लुकलुकत होतं.

“आत्ता सुरू झालं.”

“बरं,” मान्सा म्हणाली. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भलं होत नाही, हे तिला ठाऊक होतं. “हे बघ, घरी ने. तुझ्या घरच्या विजेवर चालव. नाही पटला तर शनिवारपर्यंत परत आण, फक्त खोका फाडू नको. तू आणलेला जुना मी बदल्यात ठेवून घेते.”

शेअर टॅक्सीत खोका त्याच्या मांडीवर मावेना. शेजारच्या बाईच्याही मांडीवर तो अर्धा आला.

“एवढा मोठा टीव्ही कुठल्या चर्चसाठी नेताय?” तिनं आदरानं विचारलं.

“घरी नेतोय.”

“घरी,” बाई म्हणाली, आणि सेकोंडी येईपर्यंत तिनं खोका दोन्ही हातांनी सांभाळून धरला.

सेकोंडीतल्या त्यांच्या घराच्या अंगणात कडुनिंबाखाली दामेचा डाव रंगला होता. पटावरच्या सोंगट्या तिरक्या सरकवायच्या आणि दुसऱ्याच्या सोंगट्यांवरून उड्या मारून त्या खायच्या, असा हा खेळ. सेकोंडीत तो तोंडानं जास्त आणि हातानं कमी खेळतात. पटापुढे बसले होते क्वामेनाचे वडील. अख्खी गल्ली त्यांना एग्या म्हणायची, बाप या अर्थानं. एकेकाळी ते रेल्वेत इंजिन चालवायचे. आता कित्येक वर्षं त्यांना काही दिसत नव्हतं. काळ्या सोंगट्यांना डोक्यावर खाच पाडलेली होती, ती चाचपून ते खेळायचे, आणि डोळस माणसांना हरवून त्यांची यथेच्छ थट्टा करायचे.

एग्यांचा पट गल्लीत प्रसिद्ध होता, कारण तो दाराच्या फळीएवढा होता. असा पट साऱ्या सेकोंडीत दुसरा नव्हता. ऐन उमेदीत एग्यांनी तो सुताराकडून मुद्दाम करून घेतला होता, आणि लोक म्हणायचे, खेळाडूच तेवढा मोठा आहे. त्या पटाची एक रीतही होती. खेळायला बसणाऱ्यानं आधी चारही कोपऱ्यांना बोट लावायचं. एग्या तर प्रत्येक चालीआधी लावायचे. गल्लीतली पोरं त्यांच्याकडूनच दामे शिकली होती, त्यामुळे सगळेच तसं करायचे. शुभ असतं, असा समज होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

“आर्कोफुल, ही सोंगटी मला फुकट दिलीस की विसरलास?” एग्या समोरच्या टायरवाल्याला विचारत होते.

“खा, एग्या. म्हाताऱ्या माणसानं उपाशी राहू नये.”

“खातोय. तू बायकोला फोन कर. सांग, यायला उशीर होईल, अब्रू हरवलीय, शोधतोय.”

आजोबांना टेकून बसलेली क्वामेनाची मुलगी एकुआ खिदळली. एग्यांनी खोक्याचा आवाज ऐकून मान वर केली.

“आणलास का मोठा?”

“आणला, एग्या.”

“केवढा?”

क्वामेना हसला. “तुमच्या पटाएवढा.”

एग्या काही बोलणार होते, पण आर्कोफुलनं चाल केली आणि त्यांची बोटं पटाकडे गेली.

खोलीत अराबानं शिलाई मशीन भिंतीला लावून मॉनिटरसाठी जागा केली. तिला हे सगळं पसंत होतं असं नाही. पण नवऱ्याला खेळताना पाहिलं की तिचा हात मशीनवर थांबायचा. आठ ठिकाणी आठ गोष्टी घडतायत, आणि हा माणूस एकाला हो म्हणतोय, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला थांब, आणि यात कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. बँकेच्या खिडकीत बसायचा तेव्हा तिला तो साधा वाटायचा. आता कधीकधी तिला त्याचं भय वाटायचं, चांगल्या अर्थानं.

दुपारी केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा खाऊन तो खेळायला बसला. बारा टेबलं उघडली. पहिला अर्धा तास सुखाचा गेला. मग डाव्या बाजूला खाली त्याला राजांची जोडी आली. पत्ते वाटले जाताना त्यानं ती पाहिली, मनातल्या मनात खूश झाला, आणि वरच्या दोन टेबलांचं उरकून खाली येतो तर पत्ते गेलेले. वेळ संपून टाकले गेले होते.

“लुकलुकलंच नाही,” तो ओरडला. “सोन्यासारखा डाव गेला. मान्सानं खराब माल गळ्यात मारला.”

अराबा मशीनवरून म्हणाली, “लुकलुकत होतं. मला इथून दिसत होतं. मला वाटलं, तू मुद्दाम सोडतोयस.”

“इथून म्हणजे कुठून?”

“इथून, खिडकीजवळून. लाल-पिवळं होत होतं की.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. पुढच्या तासाभरात आणखी तीन डाव असेच गेले, आणि प्रत्येक वेळी अराबानं ती टेबलं लुकलुकताना पाहिली होती. पण माणसाचं मन मोठं चलाख असतं. खिडकीजवळून दिसतं आणि समोरून दिसत नाही, म्हणजे स्क्रीनचाच दोष, कडेचा रंग समोरून मरत असणार, असं त्यानं स्वतःला पटवलं आणि मॉनिटर पुसून, खोका शोधत तो अंगणात आला.

आर्कोफुल हरून उठत होता. “चालला का मोठा?” एग्यांनी विचारलं.

“परत देतोय. खालचा डावा कोपरा मरतो त्याचा.”

एग्या पट झाडत होते. त्यांचा हात थांबला.

“डावाच?”

“आधी डावा. आता उजवाही थोडा.”

“जुन्या मॉनिटरवर नव्हतं?”

“होतं. पण तो लहान होता. टेबलं एकमेकांवर चढायची.”

एग्यांनी चाचपून एक काळी सोंगटी उचलली. मग म्हणाले, “आर्कोफुल, घरी जा. एकुआ, आईकडे जा. क्वामेना, बस इथे.”

वडिलांच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि ज्या माणसाच्या आवाजात ती नेहमी असते त्याच्याकडून असं ऐकलं की कुणी उलट विचारत नाही. क्वामेना पटापलीकडे बसला.

“माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही. एक डोळा हातानं झाक. मी काय करतोय?”

“काही नाही करत.”

“अजून?”

“काही नाही, एग्या. बसलायत.”

“नाकाकडेच बघतोयस ना?”

“हो.”

त्याच्यासमोर सगळं जागच्या जागी होतं. वडिलांचं नाक, पांढरी दाढी, त्यांच्या मागे कडुनिंबाचं खोड, खोडाशेजारी भिंत, भिंतीवर वाळत घातलेलं जाळं. कुठे काही कमी नव्हतं. आणि मग त्या भिंतीतूनच निघावा तसा वडिलांचा हात बाहेर आला. हातात काळी सोंगटी होती आणि ती त्यांच्या खांद्याच्या जवळ येऊन पोचली होती.

“आता दिसली,” क्वामेना म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

एग्यांचा हात तिथेच थांबला होता. नजर गेलेला तो माणूस आपला हात किती लांबून किती जवळ आलाय, हे खांद्यात जाणून घेत होता. त्यांनी दुसऱ्या डोळ्यानं तसंच करायला लावलं. मग वरून, मग खालून. प्रत्येक वेळी हात हवेतून यायचा, आणि प्रत्येक वेळी क्वामेनाला त्याआधी तिथे भिंत पूर्ण दिसायची, जाळं पूर्ण दिसायचं. त्याला भीती वाटायच्या आधी अचंबा वाटला. हे जाळं कोण विणत होतं? जिथे त्याला दिसत नव्हतं तिथे त्याचं डोकं न विचारता भिंत बांधत होतं, झाड लावत होतं, हिरवं टेबल मांडत होतं, आणि त्याला कळूही देत नव्हतं. किती महिने तो आपल्याच मनानं रंगवलेल्या टेबलावर खेळत होता, देव जाणे.

“हा पट मी का मोठा करून घेतला, माहीत आहे?” एग्या म्हणाले.

“लोक म्हणतात...”

“लोक चुलीत गेले. माझ्या कोपऱ्यातल्या सोंगट्या मारल्या जायच्या. मला दिसायच्याच नाहीत. मला वाटलं, पट जुना झाला, रंग उडाला. मोठा करून घेतला, लख्ख रंगवून घेतला. आणि झालं काय? कोपरे आणखी लांब गेले. मी जास्तच हरायला लागलो.” ते थोडं हसले. “मग बोटं लावायला लागलो. आधी कोपरे चाचपायचे, मग चाल. हरायचा थांबलो. तुम्ही सगळे माझं बघून करायला लागलात. मला गंमत वाटली, मी काही बोललो नाही.”

“कुणाला सांगितलं का नाही, एग्या?”

“सांगायला मला तरी कुठे कळलं होतं? काळं दिसलं असतं तर ओरडलो असतो. जे नाही, ते नाही हे दिसत नाही रे. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मध्ये एवढंच उरलं होतं.” त्यांनी सोंगटी धरून दाखवली. “तुझं अजून ताटाएवढं आहे. माझ्या हाताला कळलं. उद्या सकाळी जा. प्रार्थनेच्या शिबिरात नको, आधी दवाखान्यात जा. मी उलट केलं.”

क्वामेनानं पटावर हात ठेवला. हाच पट. याच्यावर तो चालायला शिकण्याआधी बसला असेल. एवढ्या वर्षांत त्यानं हजारदा या कोपऱ्यांना बोट लावलं होतं, आणि ते बोट त्याच्या वडिलांच्या आंधळेपणाला लागत होतं.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि गोड बोलून वेळ घालवणारी नव्हती. काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढलाय, गेलेली नजर परत येत नाही, रोज थेंब घातले तर उरलेली राहू शकते. तिनं विचारलं, घरात कुणाला आहे का. तो म्हणाला, वडिलांना. तिनं विचारलं, मुलं आहेत का. तो म्हणाला, एक मुलगी. “हे रक्तातून उतरतं. तिलाही आणा,” ती म्हणाली. क्वामेनानं तिथेच एकुआचं नाव लिहून दिलं.

जाताना त्यानं विचारलं, “काम करता येईल मला?”

“काम काय करता?”

“कॉम्प्युटरवर असतं.”

“समोर आणाल ते दिसेल,” ती म्हणाली. “कडेला ठेवाल ते नाही.”

शनिवारी त्यानं खोका मान्सापुढे ठेवला. तो कुठेही फाटलेला नव्हता.

“काय खोट निघाली?” तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

“काही नाही, सिस्टर. चांगला मॉनिटर आहे. धड डोळ्यांच्या माणसाला दे.”

मान्सानं कमरेवरचा हात खाली घेतला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, त्याच्या डोळ्यांकडे, आणि मग तिनं खोका बाजूला सरकवला.

“माझा जुना विकलास का?” त्यानं विचारलं.

“कोण घेणार तो?” ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, “पुसून ठेवलाय. पण त्याच्यावर तुझी टेबलं एकमेकांवर चढायची ना?”

“चढू देत. आता तशीच हवीत.”

टेबलं पसरून न मांडता पत्त्यांच्या गड्डीसारखी एकावर एक रचायचीही सोय असते. ज्या टेबलावर आपली पाळी येते ते आपोआप वर येतं, नेमकं मधोमध. आपण चाल केली की ते खाली जातं आणि दुसरं वर येतं. सगळं एकदम दिसत नाही, म्हणून क्वामेना आजवर या सोयीला नवशिक्यांची रीत म्हणत हसायचा. मान्सानं तार गुंडाळून दिली, जुन्या मॉनिटरचा सैल झालेला पाय पिळून घट्ट केला, आणि टॅक्सीपर्यंत स्वतः उचलून आणला. तिनं याआधी कुणासाठी तसं केलं नव्हतं.

घरी एग्यांनी मॉनिटर हातात मागितला. दोन्ही तळव्यांनी त्याच्या कडा धरून त्यांनी तो मापला.

“हं,” ते म्हणाले. “एवढा पुरे.”

दुपारी वीज होती. अराबानं मशीन थांबवलं नाही, पण तिचं लक्ष इकडेच होतं, हे मशीनच्या वेगावरून कळत होतं. क्वामेनानं चार टेबलं उघडली, एकावर एक. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे हिरवा रंग थोडा पाणावलेला दिसत होता. पहिले पत्ते वाटले जायच्या आत तो पुढे वाकला आणि वरच्या डाव्या कोपऱ्याकडे चेहरा वळवून त्यानं तिथे बोट लावलं. मग उजव्या. मग खाली उजवीकडे. शेवटी खालच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावून तो तिथे थोडा वेळ बघत राहिला.

बाहेर कडुनिंबाखाली मोठ्या पटावर डाव मांडला जात होता.

“आधी कोपरे,” एग्यांचा आवाज आला.

“लावलं बोट,” एकुआ म्हणाली.

“बोट नको लावू नुसतं. मान वळव आणि बघ. दिसतो का?”

क्वामेनाचा हात माऊसवर थांबला. समोर टेबल वर आलं होतं, त्याची पाळी होती, सेकंद सरकत होते. अराबाचं मशीनही थांबलं होतं.

“दिसतो,” एकुआ म्हणाली. “चारही दिसतात.”